'पर्यंत'ने केलेला घोळ आणि 'बाय'चा हिशेब

पुण्यात पहिल्या नोकरीला लागले तेव्हा माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. आमची तुकडी त्याआधीची, एबीसीडी पाचवीत गिरवलेली. 'रिकाम्या जागा भरा'मध्ये बाय, विथ, टिल बरोबर पडायचे. ऑफिसात मात्र रिकामी जागा कुणी आखून देत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात लंडनच्या क्लायंटला मेल पाठवला : 'द रिपोर्ट विल बी अव्हेलेबल टिल मंडे.' माझ्या डोक्यात होतं, 'रिपोर्ट सोमवारपर्यंत मिळेल.' त्यांनी वाचलं की रिपोर्ट तयार आहे आणि सोमवारनंतर काढून टाकणार आहेत. तासाभरात उलट विचारणा आली. लिंक कुठाय, आणि सोमवारनंतर का काढताय? रिपोर्टचं तेव्हा पहिलं पानसुद्धा झालं नव्हतं.

टीममधल्या एका मॅडमनी मेल पाहिला आणि हसल्या. "अगं, हे सगळं तुझ्या त्या 'पर्यंत'नं केलंय. त्याच्या जागी 'च्या आत' घालून बघ. बसलं तर बाय, नाही बसलं तर टिल."

व्याकरणाच्या कुठल्याही तासाला जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं. 'पाचपर्यंत फाइल पाठव' म्हणजे पाचच्या आत पाठव. बसलं, म्हणून बाय फाइव्ह. 'दुकान पाचपर्यंत उघडं असतं' इथे 'पाचच्या आत उघडं असतं' म्हणून बघा, वाक्य लंगडतं. म्हणून टिल फाइव्ह. एकदाच घडून संपणारी गोष्ट असली की बाय. पाठवणं, पोचणं, भरणं, संपवणं. तोवर चालूच राहणारी असली की टिल किंवा अंटिल. थांबणं, उघडं असणं, वाट बघणं. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत' चालतं, कारण क्रियापद ऐकूनच आपल्याला कळतं. इंग्रजी ते काम शब्दावर सोपवते.

नकार आला की खरी गंमत. 'शुक्रवारपर्यंत काम होणार नाही' याचे मराठीत दोन अर्थ निघतात आणि आपण ते सुरावरून ओळखतो. शुक्रवार ही मुदत आहे आणि ती पाळता येणार नाही, असं सांगायचं असेल तर 'इट वोन्ट बी डन बाय फ्रायडे'. आधी होणार नाही, पण शुक्रवारी होईल, असं असेल तर 'इट वोन्ट बी डन अंटिल फ्रायडे'. पहिल्या मेलनंतर क्लायंट चिडतो, दुसऱ्यानंतर शुक्रवारची वाट बघतो. नकाराचं वाक्य पाठवण्याआधी मी अजूनही दोनदा वाचते.

'बाय 31 जुलै' म्हटलं की 31 तारीख धरून, हेही नव्याने आलेल्यांना सांगावं लागतं. तरी कुणी वाद घालेल अशी शंका असली तर सरळ 'ऑन ऑर बिफोर' लिहावं. करारात आणि सरकारी कागदात तेच दिसतं.

आता 'ने'कडे. शाळेत विभक्तीचा तक्ता घोकताना तृतीयेला 'ने, ए, शी' म्हणायचो. 'रामाने सुरीने आंबा कापला' यात 'ने' दोनदा येतो, पण इंग्रजीच्या कर्मणी प्रयोगात करणाऱ्याला बाय लागतो आणि हत्याराला विथ. बायपुढे सुरी ठेवली तर आंबा सुरीनेच आपणहून कापल्यासारखं वाटतं. आणि करणाऱ्याचं नाव घ्यायचं नसेल तर बाय गाळून टाका, वाक्य उभं राहतं. 'चूक झाली' म्हणायची आपली जुनी सवय इथे कामी येते. ऑफिसातले बरेच मेल याच युक्तीवर चालतात.

प्रवासाचं थोडक्यात : बाय बस, बाय ट्रेन, बाय कार. मध्ये माय किंवा द घुसलं की बाय निघून जातो. 'बाय माय कार' नाही, 'इन माय कार'. आणि 'बाय वॉक' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण क्लायंटपुढे 'ऑन फूट' म्हणा.

आकड्यांमध्ये मात्र जपून. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आणला. इंग्रजीत हे 'बाय 25 बेसिस पॉइंट्स' (शंभर बेसिस पॉइंट्स म्हणजे एक टक्का) आणि 'टू 6.25 पर्सेंट'. मराठीतही पाव टक्क्याने आणि सव्वासहा टक्क्यांवर असा फरक आपण करतोच. म्हणजे 'ने' असेल तिथे बाय, 'वर' असेल तिथे टू. इतकं सोपं असून चुकतं, कारण घाईत आकड्याकडेच डोळे असतात. पगार 'बाय 20 हजार' वाढला आणि 'टू 20 हजार' वाढला यातला फरक एकदा स्वतःच्या पगारावर लावून बघा, पुन्हा चुकणार नाही.

बाकीचे बाय आपल्याला आधीच येतात. दहा बाय दहाची खोली, हॉटेलातलं वन बाय टू सूप, बाय चान्स, बायहार्ट. खिडकीशेजारचं टेबल 'बाय द विंडो', यात 'जवळ' आहे, आणि हाच त्याचा जुना अर्थ. जर्मन शिकणाऱ्यांना त्याचा भाऊ 'बाय' तिकडे भेटतो. निरोपाचा 'बाय' मात्र या घरातला नाही, तो 'गुडबाय'चा तुकडा. सोसायटीच्या बायलॉजमधला बायही बहुधा परका. तो गाव या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आल्याचं मानतात. सोसायटीच्या मीटिंगमधली भांडणं बघता गावच शोभतं.

एवढं सगळं जमल्यावरही मी एकदा तोंडावर आपटले. 'बाय ईओडी' (एंड ऑफ डे, म्हणजे दिवस संपायच्या आत) असा मेल आला, मी संध्याकाळी सहाला घाम गाळून फाइल पाठवली. समोरचा न्यूयॉर्कचा. त्याचा दिवस संध्याकाळी पाचला संपतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. घाई करायची काहीच गरज नव्हती. त्यानंतर लंडनच्या एका कामात उलटं झालं : मी त्यांना 'बाय ईओडी' उत्तर द्या असं लिहिलं, त्यांनी त्यांच्या पाचला उघडून बघितलं आणि मी तेव्हा रात्री साडेनऊला जेवायला बसले होते. आता बायपुढे तारीख, तारखेपुढे वेळ आणि वेळेपुढे आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, लिहिते.