फ्रान्सच्या डोंगरमाथ्यावरच्या स्पा हॉटेलात राहायला जाताय? या चुका टाळा

नीस शहराजवळच्या एझ गावातलं हॉटेल बुक केलं, रेल्वेच्या नकाशावर 'एझ' नावाचं स्टेशन दिसलं, नीसहून तिकीट काढलं. गडबड इथूनच सुरू होते.

ते स्टेशन एझ-सुर-मेर, म्हणजे समुद्रकाठचं एझ. हॉटेल ज्या जुन्या गावात आहे ते समुद्रसपाटीपासून ४२९ मीटर उंचावर, थेट डोक्यावर. स्टेशनाबाहेर उभं राहून वर पाहिलं की गाव जवळच वाटतं, आणि कोणीतरी म्हणतं, "चालतच जाऊ." दोन्हींना जोडणारी पायवाट खरंच आहे, तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाने ओळखली जाते. पण ती खडी, सुट्या दगडांची, तासाहून जास्त चढाची वाट आहे. सिंहगडाच्या पायवाटेने ट्रॉली बॅग ओढत नेण्याचा विचार तरी कोणी करेल का? इथे मात्र लोक करतात. अर्ध्या वाटेत पाणी संपतं, बॅगेचं चाक निखळतं, वर पोचेपर्यंत साडेपाच वाजतात. चारच्या मसाजची वेळ तोवर टळलेली असते आणि त्याचे पूर्ण पैसे बिलात लागलेले असतात. ट्रीटमेंट २४ तास आधी रद्द केली नाही तर पूर्ण रक्कम घेणं ही तिथली सर्रास पद्धत आहे. त्यात हॉटेलची चूक काहीच नाही.

एझला जायचं तर नीसहून मधल्या कॉर्निश रस्त्याने (कॉर्निश म्हणजे डोंगरकड्याने जाणारा रस्ता) बसने किंवा आधी ठरवलेल्या गाडीने थेट गावाच्या पायथ्याशी उतरा. जुन्या गावात गाडी जातच नाही. हॉटेलचा माणूस सामान न्यायला खाली येतो, पण तुम्ही कधी पोचणार हे त्याला आदल्या दिवशी माहीत असेल तरच.

प्रोव्हाँस भागातल्या गोर्द या डोंगरावरच्या गावी जाणाऱ्यांची चूक जरा वेगळी. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनावरून (ते पॅरिसमध्येच आहे, लियों शहरात नाही) टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेने अव्हिन्यों शहराला सुमारे दोन तास चाळीस मिनिटांत पोचता येतं. पण अव्हिन्योंला दोन स्टेशनं आहेत. भाड्याच्या गाड्यांचे काउंटर टीजीव्ही स्टेशनाशी असतात आणि जुनं स्टेशन शहराच्या तटबंदीजवळ आहे. तिकिटावर कोणतं नाव आहे ते नीट वाचा. तिथून गोर्द साधारण ४० किलोमीटर. जाताना स्टेशनावर टॅक्सी मिळेल, परत यायला गावात टॅक्सी उभी नसते. अॅपवर तर अजिबात विसंबू नका. परतीची गाडी पोचायच्या आधीच ठरवलेली बरी.

सामान आणि गाडी

या गावांतल्या गल्ल्यांना 'कालाद' म्हणतात. दगड आडवे न टाकता उभे रोवलेले, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले, मधून पाण्याची पन्हळ आणि दर आठ-दहा पावलांवर एक बसकी पायरी. बॅगेचं छोटं चाक दोन दगडांच्या फटीत अडकतं, आपण हिसका मारतो आणि आस वाकतो. पाऊस पडून गेला असेल तर चामड्याच्या सपाट तळाची चप्पल तिथे सरळ घसरते. रबरी तळाचे बूट हवेत. हॉटेल पंचतारांकित असलं तरी गल्ली मध्ययुगातलीच असते.

आमची सवय सांगतो. मोठी बॅग खालीच हॉटेलच्या माणसाकडे द्यायची आणि पाठीवर एक छोटी सॅक ठेवायची. तिच्यात स्विमसूट, रोजची औषधं, पासपोर्ट, बदलायचे कपडे आणि रबरी स्लिपर. खोली दुपारी तीन-चारशिवाय हातात येत नाही. तुम्ही बाराला पोचलात तरी सॅकमध्ये स्विमसूट असेल तर ते तीन तास स्विमिंग पूलवर जातात, नाहीतर लॉबीत घड्याळ बघण्यात.

गाडी भाड्याने घेणारे हमखास सात सीटर घेतात. घेऊ नका. चौघांना रेनॉ क्लिओसारखी छोटी गाडी पुरते. सामान जास्त असेल तर सामान कमी करा. जीपीएसला हॉटेलचं नाव दिलं की ते तुम्हाला गावाच्या पोटात घुसवतं, आणि पुढे जमिनीतून वर येणारा लोखंडी खांब उभा असतो. मागे तीन गाड्या, दोन्ही बाजूंना भिंती, चढावर रिव्हर्स. म्हणून हॉटेलचा पत्ता घालूच नका, हॉटेलला विचारून पार्किंगचा पत्ता घाला. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं नोंदवा, काउंटरवर बहुतेकदा मॅन्युअलच हातात पडते. लायसन्ससोबत आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं आणि क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. फॉरेक्स प्रीपेड कार्डावर डिपॉझिट अडकवायला कंपन्या बऱ्याचदा नकार देतात. आपल्या बँका नवं कार्ड देताना परदेशी व्यवहार बंदच ठेवतात, तेव्हा ते निघण्याआधी अॅपमधून चालू करा.

स्पा म्हणजे खोलीसोबत आपोआप मिळणारी गोष्ट नव्हे

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. 'स्पा हॉटेल' वाचून लोक गृहीत धरतात की सगळं खोलीच्या भाड्यात आलं. बहुतेक ठिकाणी भाड्यात पूल, सॉना, हम्माम (वाफेची खोली) एवढंच असतं, आणि तेही कधीकधी ठरावीक वेळेपुरतं. ट्रीटमेंटचे पैसे वेगळे. ट्रीटमेंटच्या खोल्या मोजक्याच असतात आणि बाहेरचे लोकही तिथे वेळ घेतात. चेक-इन करताना "उद्या संध्याकाळी दोघांचा मसाज" मागितलात तर सकाळी नऊची एकच वेळ शिल्लक असेल. तीन आठवडे आधी ईमेल करा. त्यात ट्रीटमेंटचं नाव, वेळ, थेरपिस्ट स्त्री हवी की पुरुष, गरोदरपण, रक्तदाब, नुकतं झालेलं ऑपरेशन, अॅलर्जी हे सगळं लिहा. 'तिथे गेल्यावर सांगू' म्हणणाऱ्यांना फॉर्म भरताना कळतं की निवडलेली ट्रीटमेंट त्यांना चालणारच नाही. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर सॉना-हम्मामबद्दल निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा.

मेन्यूवर 'मोदलाज' दिसेल, गोंधळू नका, तो मसाजच आहे. फ्रान्समध्ये 'मसाज' हा शब्द बराच काळ फिजिओथेरपीसाठी राखीव होता, म्हणून हा पर्याय रुळला. 'गोमाज' म्हणजे स्क्रब, 'स्वँ' म्हणजे ट्रीटमेंट. आणि 'तेर्म' लिहिलेली जागा म्हणजे औषधी झऱ्यांचं केंद्र. तिथली सरकारी मान्यतेची 'क्यूर' डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालते आणि तिच्यात उपचारांचे १८ दिवस असतात. दोन रात्रींच्या लाडासाठी ती जागा नव्हे.

क्रम चुकला तर पैसे अक्षरशः धुऊन जातात. आधी साबणाने आंघोळ, मग हम्माममध्ये दहा-पंधरा मिनिटं, मग गोमाज आणि शेवटी तेलाचा मसाज. मसाज आधी करून वाफेत बसलात तर तेल घामाबरोबर गेलं. त्वचा वाफेने मऊ न करता स्क्रब घेतला तर ती नुसती ओरबाडली जाते. त्या दिवशी सकाळी दाढी, वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलं असेल तर मिठाचा स्क्रब असा झोंबतो की ट्रीटमेंट अर्ध्यावर थांबवावी लागते. वॅक्सिंग दोन दिवस आधी उरका. तेलात बर्गमॉट किंवा लिंबू असेल तर त्या दिवशी उन्हात पडायचं नाही, त्वचेवर काळे डाग पडू शकतात. प्रोव्हाँसचं जुलैचं ऊन साधं नसतं.

कोरडी सॉना ८० ते ९० अंशांवर असते. पहिल्यांदा जाताय तर खालच्या फळीवर बसा आणि आठ-दहा मिनिटांत बाहेर या. वरच्या फळीवर वीस मिनिटं बसून दाखवण्यात कसलीही मर्दुमकी नाही. चक्कर येऊन लाकडी कडेवर डोकं आपटू शकतं. मंगळसूत्र, अंगठ्या, धातूच्या काड्यांचा चष्मा बाहेर ठेवा, तापलेला धातू भाजतो. मंगळसूत्र खोलीतल्या तिजोरीत सगळ्यात सुरक्षित.

केसांना तेल लावून पूलमध्ये उतरू नका. टी-शर्ट, लेगिंग, बर्म्युडा चालत नाही. फ्रान्सच्या सार्वजनिक पूलमध्ये पुरुषांनाही अंगाला घट्ट बसणारीच चड्डी लागते. हॉटेलं थोडी सैल असतात, पण अंगाला घट्ट बसणारा नायलॉनचा स्विमसूट घेतलात की प्रश्नच उरत नाही. बऱ्याच स्पामध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नसतो आणि मुलांसाठी पूलच्या वेळा वेगळ्या असतात. मुलं सोबत असतील तर बुकिंगच्या आधी हे विचारा, नंतर नव्हे.

पहिल्या दिवशी मोठी ट्रीटमेंट ठेवणं हा अधीरपणा झाला. विमानाने शरीर कोरडं पडलेलं असतं आणि भारतापेक्षा घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. त्या दिवशी फक्त पूल आणि लवकर झोप. दुसऱ्या दिवशी अकराची वेळ उत्तम.

तारखा

लॅव्हेंडर बघायला मे महिन्याची सुट्टी पकडणारे दरवर्षी निराश होतात. गोर्दजवळच्या सेनांकच्या ११४८ सालच्या मठापुढची शेतं जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत जांभळी असतात. मे महिन्यात तिथे हिरव्या-राखाडी झुडपांच्या ओळी दिसतात. शाळा आडवी येत असेल तर लॅव्हेंडरचा हट्ट सोडा आणि मे महिन्यातली थंड हवा व रिकाम्या वाटा घ्या. एवढं करा, की १ मे, ८ मे आणि त्यांना जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचे आठवडे टाळा, तेव्हा सगळं फ्रान्स बाहेर पडलेलं असतं.

दिवाळीची सुट्टी त्याहून फसवी. या भागातली बरीच हॉटेलं नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात ती थेट वसंतात उघडतात. हॉटेल उघडं असलं तरी बाहेरचा पूल बंद असू शकतो.

शेंगेन व्हिसा हातात येण्याआधी 'पैसे परत नाहीत' असा दर घेऊ नका, दहा-पंधरा टक्के वाचवण्यासाठी अख्खं बुकिंग पणाला लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

शाकाहार

नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगून भागत नाही. पाव आणि ऑलिव्हची काळी चटणी टेबलावर येते, तिचं नाव तापनाद. दिसायला शुद्ध शाकाहारी, पण पारंपरिक तापनादमध्ये अँचोव्ही मासे वाटलेले असतात. पिसालादिएर या कांद्याच्या पावावरही तेच मासे. सूपचा रस्सा हाडांचा असू शकतो, सॅलडवर बेकनचे बारके तुकडे भुरभुरलेले. ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: मांस नाही, मासे नाहीत, हाडांचा रस्सा नाही, हवं तर अंडीही नाहीत. तिथे गेल्यावर 'सां व्यांद, सां प्वासों' (मांसाशिवाय, माशांशिवाय) एवढं पाठ ठेवा. भाज्यांचा तियाँ (भट्टीत भाजलेल्या भाज्या) आणि रातातुई (भाज्यांचा रस्सा) बिनधास्त मागा, आणि नीसकडे असाल तर सोक्का खा, थेट आपल्या बेसनाच्या धिरड्याचा भाऊ.

दुपारचं जेवण दोनपर्यंतच मिळतं, रात्रीचं साडेसातच्या आधी नाही. गावातली रेस्टॉरंटं आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात. तेव्हा पोचायच्या दिवसाचं रात्रीचं जेवण हॉटेलातच राखून ठेवा. बिलात सेवेचा आकार धरलेलाच असतो, वेगळी टिप सक्तीची नाही. 'कराफ दो' मागितलं की साधं पाणी फुकट मिळतं.

काहीही विचारण्याआधी 'बोंझूर' म्हणा. ते न म्हणता थेट प्रश्न टाकला की तिथे उद्धटपणा समजतात.

मिस्त्राल हा इथला उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला की खिडकीच्या लाकडी झडपा आदळतात. झोपण्याआधी भिंतीवरची लोखंडी आकडी अडकवा.