ओरॅकल १९सी डेटाबेस टाकण्याआधी लिनक्स मशीन नीट तयार करा

इन्स्टॉलर चालू करायची घाई करू नका, आधी अर्धा तास मशीनला द्या. रॅम २ ते १६ जीबी असेल तर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) रॅमएवढाच ठेवायचा, त्याहून जास्त रॅम असेल तर १६ जीबी स्वॅप पुरतो. टेम्प फोल्डरमधे (/tmp) निदान १ जीबी जागा मोकळी पाहिजे आणि हे बरेच जण विसरतात, टेम्प नोएक्झेक (तिथून प्रोग्रॅम चालवायला बंदी घालणारा पर्याय) लावून माउंट केलेला नसावा, नाहीतर जागा भरपूर असूनही इन्स्टॉलर सुरूच होत नाही आणि आपण तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

रूटने, म्हणजे लिनक्सच्या मुख्य अ‍ॅडमिन युजरने, इन्स्टॉल होत नाही, त्यामुळे ओइन्स्टॉल आणि डीबीए हे ग्रुप बनवून ओरॅकल नावाचा वेगळा युजर करा. ओरॅकल लिनक्स असेल तर १९सीचं प्रीइन्स्टॉल पॅकेज यम कमांडने टाका, युजर, ग्रुप, कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याची सेटिंग्ज) सगळं तेच करून देतं, हाताने करण्यात खरंच काही अर्थ नाही.

हाताने करायचंच असेल तर ओरॅकल युजरसाठी ओपन फाइल्सची हार्ड लिमिट (कमाल मर्यादा) ६५५३६ आणि प्रोसेसची १६३८४ ठेवा, पण लिमिट बदलल्यावर त्या युजरने लॉगआउट करून परत लॉगिन केलंच पाहिजे, जुन्या सेशनला जुनीच लिमिट राहते. मी एकदा हेच विसरलो आणि तीच एरर तीनदा बघितली. नव्या सेशनमधे यूलिमिट कमांडने नव्या लिमिटची खात्री करा.

शेवटी होस्ट्स फाइलमधे (मशीनची नावं आणि आयपी यांची यादी) मशीनचं नाव बरोबर आयपीसमोर आहे ना ते बघा.