पाच डोळ्यांचा ओपाबिनिया शाडूचा कसा बनवायचा

भाचीला शाळेत जुन्या प्राण्यांचं प्रोजेक्ट होतं. सगळी पोरं डायनासोर नेणार म्हणून आम्ही ओपाबिनिया केला, कॅनडातल्या बर्जेस शेल खडकात सापडलेला, ५० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रातला प्राणी, खेकडा-कोळंबी-विंचवाच्या भावकीतला लांबचा चुलता म्हणा. सोलापूरच्या खाणीत शोधायला जाऊ नका, आपला काळा दगड सगळा लाव्ह्याचा, तोही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचाच.

गणपतीची उरलेली शाडू घ्या, घट्ट मळा आणि बोटाएवढी वळी करा. खरा प्राणी सोंड सोडून ४ ते ७ सेंटीमीटरच होता, म्हणजे ७ सेंटीमीटर केलात की अगदी खऱ्या साइझचा होतो. अंगावर सुरीने आडव्या रेघा मारून १५ भाग पाडा. मग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची छोटी पाती कापा, प्रत्येक भागाला दोन्ही बाजूला एकेक, कौलांसारखी थोडी एकावर एक. ३० पाती कापताना कंटाळा येतो, चहा घेऊन बसा. शेपटीला दोन्हीकडे तीन-तीन पाती, वर तिरपी.

डोळे पाच. काळी मिरी बसवू नका, फार मोठी दिसते, मोहरी बरी. एक मधे, दोन-दोन बाजूला, छोट्या देठांवर.

आता सोंड. जुन्या चार्जरची वायर अंगाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी कापा, चादरीच्या दशांतलं सूत काढून तिच्यावर गच्च गुंडाळा, म्हणजे खऱ्यासारख्या वळ्या दिसतात, टोकाला टूथपिकच्या काड्यांचा काटेरी चिमटा. आणि इथंच सगळे चुकतात, आमच्या बाईसाहेबांनीपण तोंड सोंडेच्या टोकाला काढलं होतं! तोंड डोक्याच्या खाली, मागे वळलेलं असतं, हत्तीसारखं सोंडेनं उचलून तोंडात घालायचं काम, त्यामुळे वायर अशी वाकवा की चिमटा तोंडापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर बिचारा उपाशी.

वर्गात हसतील म्हणून भाची रुसली होती. तिला सांगितलं, १९७२ ला जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या हॅरी व्हिटिंग्टननी याचं चित्र शास्त्रज्ञांना दाखवलं तेव्हा तेपण खो खो हसले होते.

वाळवायला गच्चीवर ठेवू नका, आमचा पहिला एप्रिलच्या उन्हात तासाभरात तडकला, सोंड एकीकडे धड एकीकडे. सावलीत, ओल्या फडक्याखाली दोन दिवस. रंग कुठला द्यायचा ते तुमच्यावर, खरा रंग कुणालाच माहीत नाही, भाचीनं चादरीवरचा लालभडक दिला.