शेतातला अपघात आणि भरपाई: या चुका टाळा

कडबाकुट्टीत हात गेला, फवारणी करताना चक्कर येऊन कोसळला, मोटर चालू करताना शॉक बसला. अशा वेळी घरचे लोक आधी दवाखाना बघतात आणि तेच बरोबर आहे. पण भरपाईचे बरेचसे दावे बिघडतात ते याच पहिल्या दोन-तीन दिवसांत. नंतर तालुक्याला कितीही चकरा मारल्या तरी केसपेपरवर लिहिलेली एक चुकीची ओळ पुसता येत नाही.

दवाखान्यात काय लिहिलं जातंय, तिकडे लक्ष नसणं

रुग्ण दाखल करताना डॉक्टर किंवा ब्रदर विचारतात, काय झालं? सोबत आलेला शेजारी घाईत सांगतो, ‘औषध गेलं पोटात.’ कागदावर येतं ‘विष प्राशन’. प्रत्यक्षात माणूस सकाळपासून कपाशीवर फवारणी करत होता, वारा तोंडावर होता, पंप गळत होता. पण ‘प्राशन’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात आत्महत्या येते, आणि आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न सरकारी अपघात योजनेत बसत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. तरी केसपेपर अजून तसेच लिहिले जातात.

म्हणून सोबत जाणाऱ्याने एवढंच सांगावं: ‘फवारणी करताना विषबाधा झाली.’ कीटकनाशकाची बाटली किंवा पुडा बरोबर न्यावा. उपचारालाही त्याचा उपयोग होतो, पुढे पुरावाही तोच. दुकानाचं बिल जपून ठेवावं. अपघाताची नोंद पोलिसांकडे जाते आहे ना, हे विचारावं. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन टाळू नये. ‘आता कशाला चिरफाड’ म्हणून माती उरकणाऱ्या घरांची वेदना समजते, पण विषबाधा असो की शॉक, मृत्यूचं कारण सांगणारा दुसरा भक्कम कागद मग उरत नाही. सर्पदंशातही हेच. उपचाराआधीच माणूस गेला आणि शवविच्छेदन झालं नाही, तर निदान वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र तरी लागतंच.

व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढून ठेवलेल्या आतल्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल यायला महिनोन्महिने लागतात. तो येईपर्यंत अर्ज धरून बसणं ही वेगळी चूक. आहेत त्या कागदांवर अर्ज द्या, व्हिसेरा राखून ठेवल्याची नोंद दाखवा आणि अहवाल मागाहून जोडा.

‘आपला विमा आहे ना’ या भरवशावर राहणं

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना पूर्वी विमा कंपनीमार्फत चालायची. कंपन्या त्रुटी काढत आणि प्रस्ताव लोंबकळत. एप्रिल 2023 पासून ती ‘शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ झाली. मध्ये कंपनी नाही, पैसे शासन देतं. त्यामुळे ‘कंपनीचा माणूस आहे, कमिशन द्या’ म्हणणारा कोणी घरी आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

मृत्यूला 2 लाख रुपये. दोन्ही डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव गेला तर 2 लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. वय 10 ते 75. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, अपघातापासून 30 दिवसांच्या आत. तेराव्यानंतर बघू म्हटलं की निम्मी मुदत गेलीच. अर्जाच्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर उद्या तुमचा अर्ज ‘आलाच नाही’ असंही ऐकायला मिळतं.

माणसं अडकतात ती पात्रतेत. योजना खातेदारासाठी आहे, म्हणजे सातबाऱ्यावर नाव हवं. त्याशिवाय खातेदाराच्या घरातल्या, स्वतः खातेदार नसलेल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो: आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कोणी तरी एक. या यादीत सून नाही. खुरपणीपासून फवारणीपर्यंत सगळं करणारी सून सातबाऱ्यावर नसेल तर ती या योजनेच्या बाहेर. हे मला पटत नाही, पण आज नियम असा आहे. उपाय एकच, जमिनीत तिचं नाव लावून घेणं, आणि ते काम अपघातानंतर करून चालत नाही.

दुसरा घोळ वारस नोंदीचा. आजोबा जाऊन वर्षं झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. कसणारा नातू खातेदार ठरत नाही. तलाठ्याकडे वारस नोंद आणि फेरफार करून घ्यायला लोक कंटाळा करतात, कारण एरवी काही अडत नाही. गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांची नोंद, मागितला जातो तेव्हा अडतं.

शासनाच्या दुसऱ्या विभागाच्या अपघात योजनेतून मदत घेतली असेल तर ही मदत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. कुठल्या दारातून जास्त मिळतं ते आधी बघायचं, मग सही करायची.

बोटं गेली म्हणजे अवयव गेला असं समजणं

मळणी यंत्र, कडबाकुट्टी, रोटाव्हेटर, पीटीओचा (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा) फिरता शाफ्ट यांच्या अपघातांत बहुतेक वेळा बोटं जातात. सरकारी योजनेत ‘अवयव’ म्हणजे मनगटापासून हात किंवा घोट्यापासून पाय. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही हात-पाय-डोळ्याचंच बोलते. चार बोटं गेलेला माणूस दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततो आणि ‘आपल्याला काही मिळत नाही’ असं समजून घरी बसतो. तो मजुरीवर असेल तर हा समज त्याला फार महागात पडतो.

कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 चा. त्याच्या परिशिष्टात ट्रॅक्टरने किंवा यांत्रिक शक्तीवर, विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतला मजूर स्पष्ट लिहिलेला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण भरपाईचं सूत्र तेच राहिलं. आणि या कायद्यात बोटांचा दर ठरलेला आहे. कमाईची क्षमता किती घटली असं मोजतात: अंगठा 30 टक्के, अख्खी तर्जनी 14, एका हाताची दोन बोटं 20, तीन बोटं 30, चारही बोटं 50.

हिशोब करून बघा. मजुराचं वय 30, महिन्याची मजुरी 12,000 रुपये. मजुरीचे 60 टक्के, म्हणजे 7,200. कायद्यात वयानुसार ठरलेला गुणक तिसाव्या वर्षाला 207.98. गुणाकार 14,97,456. चार बोटांचे 50 टक्के धरले की 7,48,728 रुपये. ज्याला दोन योजनांनी शून्य दिलं, त्याच माणसाचा हा हक्क आहे.

‘मी तर रोजंदारीवर, कायम कामाला नाही’ म्हणून मागे सरू नका. नैमित्तिक कामगाराला वगळणारी अट 2000 सालीच काढून टाकली. सालगडी असो की चार दिवसांसाठी हडंब्यावर (मळणी यंत्रावर) आलेला गडी, फरक पडत नाही. अडचण येते ती पुराव्याची, कारण शेतात हजेरीपट कोण ठेवतो? मुकादमाची वही, फोनवर आलेले पैसे, सोबत काम करणाऱ्यांचे जबाब, अपघाताच्या दिवशीचे फोटो हे सगळं गोळा करावं लागतं. यंत्र एकाचं आणि शेत दुसऱ्याचं असेल तर अर्जात दोघांनाही सामील करा. आपण एकालाच धरलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुदत दोन वर्षांची धरून चाला, पण मालकाला लेखी नोटीस लगेच द्या.

आता दुसरी बाजू. तीन-चार एकरवाल्याने साडेसात लाख आणायचे कुठून? प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर अपघाताच्या आधी शोधायचं असतं. मजुरांच्या भरपाईची वेगळी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, आणि मळणी यंत्र गावोगाव भाड्याने फिरवणाऱ्याने तरी ती घ्यायलाच हवी. हजारोंचं डिझेल जाळताना हा हप्ता जड वाटू नये.

पारावर बसून मिटवणं

गावात चार लोक बसतात, शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं जातं: ‘वीस हजार मिळाले, यापुढे तक्रार नाही.’ मजुराला वाटतं, आता सगळं संपलं. तसं नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगार भरपाईच्या कायद्यात टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरतच नाहीत, ती या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. म्हणजे अशी तडजोड मालकाच्याही फायद्याची नाही, त्याला दोनदा द्यावं लागू शकतं. मिटवायचंच असेल तर त्याच अधिकाऱ्यासमोर, नोंद करून मिटवा. दवाखान्याचं बिल मालकाने भरलं तर त्याची पावती दोघांनीही ठेवावी.

ट्रॅक्टरचा अपघात ‘घरचाच’ म्हणून न नोंदवणं

ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे. रस्त्यावर कोणाला धडकला किंवा ट्रॉली उलटली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे भरपाईला वरची मर्यादा नाही. मुदत 6 महिने. पण ड्रायव्हर भावकीतला असतो, फिर्याद द्यायला जीव होत नाही, आणि फिर्यादीशिवाय विमा कंपनी दाद देत नाही. पैसे विमा कंपनीने द्यायचे असतात, हे भावकीला समजावून सांगितलं तर बऱ्याच वेळा गाठ सुटते.

ट्रॉलीत बसून निघालेल्यांचा प्रश्न अवघड आहे. बहुतेक ट्रॅक्टर पॉलिसींत ट्रॉलीतली माणसं धरलेली नसतात, आणि शेतीसाठी घेतलेला ट्रॅक्टर विटा-वाळूच्या भाड्याला लावला असेल तर कंपनी त्याच मुद्द्यावर भांडते. अपघात रस्त्यावर नसून शेताच्या आत झाला, हाही वाद काढते. अशा वेळी जखमी मजुराला कामगार भरपाईचा रस्ता जास्त सरळ पडतो. मात्र दोन्ही कायद्यांखाली भरपाई मागता येत नाही, एक निवडावा लागतो. तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय कुठेच अर्ज टाकू नका.

लायसन्सचा बाऊ मात्र आता कमी झाला आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

शॉक, वीज, रानडुक्कर: चुकीच्या ऑफिसात जाणं

महावितरणची तार तुटून शेतात पडली आणि कोणी दगावलं, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही वीज पुरवणाऱ्यावर जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात सांगितलं. पण वायरमन येत नाही म्हणून स्वतः डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चढून फ्यूज टाकला असेल तर गोष्ट बदलते. दोन्हींत विद्युत निरीक्षकाचा अहवाल निर्णायक ठरतो. निरीक्षक हा महावितरणचा माणूस नव्हे, शासनाचा. त्याला लेखी कळवा आणि अहवालाची प्रत मागा. पंचनाम्याआधी तार ओढून जोडली जाते, म्हणून वीज बंद झाल्याची खात्री करून लांबूनच फोटो काढून ठेवा.

आभाळातली वीज पडली तर तहसीलदाराकडे जायचं. मृत्यूला 4 लाख, 60 टक्क्यांवर अपंगत्वाला अडीच लाख, 40 ते 60 टक्क्यांना 74 हजार. ज्या अपघाताला कृषी विभागाच्या योजनेत 2 लाख मिळतात, त्यालाच इथे दुप्पट. दार निवडायला सांगितलं ते यासाठीच.

जुन्नरचा बिबट्या, चंद्रपूरचा वाघ, कुठल्याही रानातलं डुक्कर यांच्या हल्ल्यात वनखात्याकडे जायचं. 2023 पासून मृत्यूला 25 लाख, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख, गंभीर जखमीला 5 लाख. डुकराने मांडी फाडली तरी पोलीस पाटलाला सांगून थांबणारे लोक आहेत. वनरक्षकाला त्याच दिवशी बोलवा, पायाचे ठसे पुसायच्या आत. साप मात्र या यादीत नाही.

बँकेचं पासबुक न उघडणं

प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाला 20 रुपये खात्यातून आपोआप कापले जातात आणि घरात कोणाला पत्ता नसतो. माणूस गेल्यावर पासबुकात मे-जूनची ती नोंद शोधा. वय 18 ते 70, मृत्यूला 2 लाख, दावा बँकेत, शक्यतो 30 दिवसांच्या आत. जून उजाडताना खात्यात 20 रुपयेही नसतील तर विमा तुटतो.

नकार आला की फाईल गुंडाळणं

तोंडी नकार घेऊ नका, कारण लिहून मागा. ‘त्रुटी’ म्हणजे नकार नव्हे, राहिलेला कागद द्यायचा असतो. सानुग्रह योजनेत तहसीलदारांच्या समितीने प्रस्ताव फेटाळला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र खासगी डॉक्टरचं चालत नाही, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाकडून घ्या. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे वकील फुकट मिळतो. जाताना केसपेपर, पोलिसांचा कागद, सातबारा आणि आधार एवढं बरोबर न्या.