कॅप्टन मार्वलची जुनी सिरियल पोरांना कशी दाखवावी

आधी नाव पक्कं करा, नाहीतर पोरं मोबाइलवर भलतंच शोधतील. आपल्याला हवी ती १९४१ सालची, रिपब्लिक पिक्चर्सची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्वल’. हल्लीच्या मार्वलवाल्यांशी तिचा काही संबंध नाही. हा म्हणजे पोरांच्या ओळखीचा ‘शझाम’. बिली नावाचा पोरगा तो शब्द उच्चारतो, धुराचा भपका उडतो आणि त्याच्या जागी कॅप्टन मार्वल झालेला नट टॉम टायलर छाती काढून उभा!

मे महिन्यात आमच्या अमळनेरला भाचरं येतात. दिवसा उन्हामुळे घरात कोंडलेली असतात, रात्री गच्चीवर लवकर झोपत नाहीत. तेव्हाच प्रोजेक्टरसाठी पडदा म्हणून चादर बांधायची. खालच्या कोपऱ्यांना विटा बांधा, वारा सुटला की हिरो पोटातून फुगतो. आणि साडेआठच्या आधी लावू नका. उजेड असला तर काळं-पांढरं चित्र चादरीवर उमटतच नाही.

एकूण १२ भाग आहेत. पहिला अर्ध्या तासाचा, बाकीचे पाव तासाच्या थोडे वर. रोज एकच. ‘मामा, आखो एक’ म्हणतील, ऐकायचं नाही. ही सिरियल थिएटरात आठवड्याला एक भाग अशी बघायची होती. सलग लावलीत की तीच मारामारी, त्याच मोटारी आणि मागच्या भागाची आठवण देणाऱ्या पाट्या यांनी जीव उबतो. गोष्ट तशी पातळच आहे.

उडण्याचे प्रसंग मात्र थांबवून, मागे नेऊन दाखवा. स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या लायडेकर बंधूंनी कागदाच्या लगद्याचा, माणसापेक्षा जरा मोठा पुतळा केला आणि दोन तारांवर कप्प्यांनी घसरत सोडला. वर झेपावताना दाखवायचं तर तोच उलटा चालवलेला शॉट. उतरल्यावरच्या कोलांट्या डेव्हिड शार्प या स्टंटवाल्याच्या. माझा धाकटा भाचा, धुळ्याचा, पहिल्याच उड्डाणाला ओरडला, ‘मामा, हाऊ ते बाहुला शे!’ तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी चादरीसमोर तोच. तो पुतळा खऱ्या उजेडात, खऱ्या डोंगरावरून जातो, म्हणून आजही पटतो.

पहिल्या भागानंतर चिठ्ठ्या टाका. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडात, सापडलेल्या सोन्याच्या विंचवाच्या मूर्तीची भिंगं मोहिमेतल्या मंडळींत वाटली जातात, आणि बुरखा घालून ती लुटणारा ‘विंचू’ नावाचा खलनायक त्यांच्यातलाच एक. कोण, ते प्रत्येकाने लिहून डब्यात ठेवायचं. आवाजावरून ओळखू म्हणणाऱ्यांना हसू द्या. बुरख्यातल्या ‘विंचवा’चा आवाज दुसऱ्याच नटाचा आहे.

एक सावधगिरी. हा हिरो पळणाऱ्या माणसांवर पाठीमागून मशिनगन चालवतो, तेही पहिल्याच भागात. सयामी लोक तर हॉलिवूडच्या डोक्यातले. दोन्हीवर पोरांशी तिथल्या तिथे बोला, पुढे ढकलू नका.

ही संपल्यावर १९४३ची ‘बॅटमॅन’ मागतील. ती लहानांना नको. युद्धाच्या काळातली आहे आणि जपान्यांबद्दल फार घाणेरडं बोलते. १९४८ची ‘सुपरमॅन’ चालेल, पण तिथे सुपरमॅन झालेला कर्क अ‍ॅलिन उडायला लागला की त्याचं कार्टून होतं. लगद्याच्या बाहुल्यावर वाढलेली पोरं ते खपवून घेत नाहीत.