डब्याच्या पानावरची हरवलेली उसळ

मावशीच्या डब्यांची ऑर्डर घ्यायला मी मोबाईलसाठी एक पान बनवलं. तरी नौपाड्यातली गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, "आज उसळ नाही का?" उसळ होती, पदार्थांच्या बटणांच्या आडव्या सरकणाऱ्या ओळीत उजवीकडे दडलेली! स्क्रीनच्या ३६० पिक्सेल रुंदीत तीन बटणं इतकी चपखल बसली होती, की पुढे आणखी काही असेल असं कुणाला वाटणार? चूक माझीच. बटणं थोडी अरुंद केली. आता चौथं अर्धवट डोकावतं, "उस" एवढंच, आणि बोट आपोआप सरकतं. उंची मात्र ४८ पिक्सेल ठेवली. मावशीचा अंगठा मोठा आहे.

दुसरी भानगड: यादी खाली ओढली की अख्खं पान रिफ्रेश, भरलेली ऑर्डर गायब. यादीच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'ओव्हरस्क्रोल-बिहेविअर: कंटेन' टाकलं, म्हणजे यादीचं ओढणं यादीपुरतंच राहतं. थांबलं. आता मावशी कुरकुरते, फोनवरच्या गप्पा बंद झाल्या म्हणून.