भोकं जुळली म्हणजे प्लेट जुळली असं नाही: जुन्या इनलाइन सिक्सला फ्लेक्सप्लेट लावताना या चुका टाळा

जुन्या इनलाइन सिक्सला, म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ही प्लेट बसेल का?" बसेल हो. बसतेच. शेवरोलेच्या २५० घनइंची सिक्सवर त्यांच्याच जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ची प्लेट हाताने बसते, बोल्टही बोटांनी आत जातात. त्यानंतर विचारायचे आणखी तीन-चार प्रश्न असतात, पण तोवर गडी पाना घेऊन गाडीखाली गेलेला असतो.

फ्लेक्सप्लेट म्हणजे क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या फ्लँजवर, म्हणजे चकतीसारख्या टोकावर, आवळलेली पातळ पोलादी तबकडी. बहुतेक वेळा तिच्या कडेला सेल्फसाठी दात असतात. कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा) गरम होऊन, दाबाने फुगून थोडा पुढे-मागे होतो, तेवढं लवता यावं म्हणून ती पातळ असते. पण या एका तबकडीला चार सोयरे सांभाळायचे असतात: क्रँकचा फ्लँज, कन्व्हर्टरचे बोल्ट, सेल्फचा पिनियन (दात फिरवणारं छोटं चाक) आणि इंजिनाचा बॅलन्स. पहिले तीन रुसले तर लगेच कळतं. चौथा गाडी रस्त्यावर आल्यावर रुसतो.

वजन लावलेली प्लेट

इथे आधी माझीच फजिती सांगतो. गाडी मित्राची, हौस दोघांची, घाई माझी. इंजिन शेवरोले २५०, मागे टीएच-३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जुन्या प्लेटला तडा गेलेला. जुन्या सामानाच्या ढिगात एक प्लेट सापडली. दात १६८, आमच्या जुन्या प्लेटइतकेच. क्रँकची सहा भोकं जुळली, कन्व्हर्टरची तीन जुळली. प्लेटच्या कडेजवळ एक जाडसर तुकडा वेल्ड केलेला होता. तो मी पाहिला, हातही लावून पाहिला, आणि "मजबुतीसाठी असेल" म्हणून प्लेट लावून मोकळा झालो.

सेल्फ मारला, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. आयडलला ठीक. दोन हजार आरपीएमच्या पुढे मात्र आरसा असा थरथरायला लागला की मागचं काही दिसेना. पुढचे तीन आठवडे आम्ही जे केलं ते आठवलं की अजून लाज वाटते. इंजिनाचे माउंट बदलले. प्लग बदलले. कार्बोरेटर दोनदा उघडला. प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करून आणला. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्येही थरथर तेवढीच होती, म्हणजे शाफ्टचा काही संबंधच नव्हता. पण तेव्हा डोक्यात फक्त "बदल आणि बघ" चाललं होतं.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कन्व्हर्टरचे तीनही बोल्ट काढले, कन्व्हर्टर मागे ढकलून प्लेटपासून सोडवला आणि इंजिन एकटंच चालवलं. थरथर तशीच. म्हणजे गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर निर्दोष. उरली प्लेट.

ती प्लेट ४०० घनइंची स्मॉल ब्लॉकची होती. ४०० चा बॅलन्स बाहेरून केलेला असतो: क्रँकवरच्या काउंटरवेटांना (तोल साधणाऱ्या वजनांना) आत जागा पुरली नाही, म्हणून उरलेलं वजन पुढच्या डॅम्परवर (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या जड चाकावर) आणि मागच्या प्लेटवर टाकलेलं. शेवरोलेच्या १९४, २३०, २५० आणि २९२ या सिक्सचा बॅलन्स आतल्या आतच पुरा होतो, त्यांना प्लेट शून्य बॅलन्सची लागते. शिवाय इनलाइन सिक्स स्वभावानेच शांत, तिच्या पिस्टनांचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. अशा शांत घरात हा एक दांडगा पाहुणा शिरला की लपायला त्याला जागाच नसते. आणि असमतोल वजनाचा ओढा फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: एक हजारावर जेवढा, तीन हजारावर त्याच्या नऊपट. म्हणून आयडलला सगळं गोड वाटतं.

फोर्डच्या २५० सिक्सवाल्यांचीही हीच गत होते. तिची बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं घर) ३०२ व्ही-८शी जुळते, म्हणून लोक प्लेटही ३०२चीच उचलतात. ३०२च्या प्लेटवर आधी २८ आणि १९८०च्या दशकापासून ५० औंस-इंचाचं (वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर) असंतुलन मुद्दाम ठेवलेलं आहे. सिक्सला ते नको.

माझी सवय आता अशी: प्लेट हातात आली की आधी टेबलावर पालथी-उताणी करून बघतो. कारखान्यात बॅलन्स करताना पाडलेली छोटी भोकं किंवा चिमुकला तुकडा चालतो. बोटाएवढ्या जाडीचा ठोकळा वेल्ड केलेला दिसला की प्लेट बाजूला. "ग्राइंडरने वजन उडवून टाकू" हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. मी करत नाही. किती उडवलं हे बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय कळत नाही, आणि मशीनपर्यंत जायचा धीर असलेला माणूस मुळात चुकीची प्लेट विकत घेत नाही.

दात न मोजता आणलेला सेल्फ

शेवरोलेत दोन मापं: १५३ दातांची, साधारण पावणेतेरा इंची, आणि १६८ दातांची, साधारण चौदा इंची. लहान प्लेटच्या सेल्फचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत असतात, मोठीच्या सेल्फचे तिरके, एक पुढे एक मागे. अदलाबदल केली तर एक पिनियन दातांपर्यंत पोचत नाही आणि दुसरा दातांवर चढून बसतो. शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून हे जमत नाही. शिम केसाएवढा फरक काढायला असतो, अर्ध्या इंचाहून मोठा नाही. एका दातावर खडूची खूण करा आणि मोजा. दोन मिनिटं लागतात.

कन्व्हर्टरच्या बोल्टांची वर्तुळंही दोन आहेत, १०.७५ आणि ११.५ इंच. बऱ्याच प्लेटांना दोन्हींची भोकं असतात, सगळ्यांना नसतात. भोक फाइलने लांबवून जमवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या गाडीत बसत नाही.

१९८६ पासूनच्या स्मॉल ब्लॉकची प्लेट जुन्या सिक्सच्या क्रँकवर बसतच नाही, बोल्टांचं वर्तुळ लहान आहे. न बसणारी प्लेट निदान फसवत तरी नाही.

बोल्टने ओढून घेतलेला गिअरबॉक्स

ही चूक पाहिली की माझं डोकं फिरतं, कारण इथे प्लेटचा काही दोष नसतो, असतो फक्त उतावळेपणा.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर चढवताना त्याला तीन ठिकाणी घर सापडावं लागतं: इनपुट शाफ्टच्या आट्यांवर (लांबीने कापलेल्या खाचांवर), स्टेटरच्या आट्यांवर आणि सगळ्यांत आत ऑइल पंपाच्या खाचांत. कन्व्हर्टर हळूहळू फिरवत आत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो, प्रत्येक वेळी एक "ठक" जाणवतो. दोन ठक ऐकून उठणारे खूप. तिसरा राहिला की कन्व्हर्टर बोटभर बाहेर राहतो. मग गिअरबॉक्स इंजिनाला लावताना मध्ये फट दिसते, आणि नवशिक्या म्हणतो, "बोल्ट आवळले की येईल आत."

येतो ना. एका होतकरू पोराने माझ्यासमोर बेलहाउसिंगचे बोल्ट आळीपाळीने आवळत ती फट मिटवली होती. मी दुसऱ्या गाडीखाली होतो, ओरडेपर्यंत उशीर झाला. गिअरबॉक्स बसला, इंजिन सुरू झालं, रिव्हर्स टाकला तर गाडी जागची हलेना. खोलल्यावर पंपाच्या आतल्या गिअरच्या कडा तुटलेल्या, प्लेट बशीसारखी वाकलेली आणि कन्व्हर्टरची मान खरवडलेली. अर्ध्या मिनिटाच्या घाईत तीन वस्तू गेल्या. पोरगा आजही चांगलं काम करतो, पण फट दिसली की आधी हात मागे घेतो.

यावर माझा नियम: बेलहाउसिंग ब्लॉकला हाताच्या जोरावर, डॉवेल पिनांवर (जागा नेमकी जुळवणाऱ्या खुंट्यांवर) सरकत, अख्खी टेकली पाहिजे. टेकली की बोल्ट आवळायच्या आधी कन्व्हर्टर हाताने फिरवून बघा, मोकळा फिरला पाहिजे. मग तो मागे सारून प्लेट आणि कन्व्हर्टर यांच्यातली फट मोजा. ती ३ ते ५ मिलिमीटरच्या आसपास हवी. शून्य असेल तर काहीतरी चुकलंय: एकतर कन्व्हर्टर बसलेला नाही किंवा प्लेट दुसऱ्याच गाडीची आहे. फार जास्त असेल तर तीनही बोल्टांवर सारख्या जाडीचे वॉशर घालून फट कमी करता येते. एका बोल्टावर दोन आणि दुसऱ्यावर एक असं नाही, तेही पाहिलंय.

क्रायस्लर आणि जीपवाल्यांसाठी

क्रायस्लरच्या स्लँट सिक्समध्ये प्लेटवर दात शोधत बसू नका, तिच्या टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकमध्ये रिंग गिअर (दातांचं कडं) कन्व्हर्टरवरच असतो. तिथे खरी गोम क्रँकच्या मध्यभागी आहे. १९६७पर्यंतच्या क्रँकमध्ये कन्व्हर्टरचं नाक ज्या भोकात बसतं ते लहान, सुमारे १.५५ इंच. १९६८ पासून ते मोठं झालं, सुमारे १.८१ इंच. मोठ्या नाकाचा कन्व्हर्टर लहान भोकात जात नाही, हे बरं. पण लहान नाकाचा मोठ्या भोकात जातो आणि मध्यावर न राहता डुलत राहतो. त्याचा मार प्लेट खाते. यासाठी मधे घालायची रिंग मिळते, ती घाला. व्हर्नियर लावल्याशिवाय जुन्या क्रँकचं वर्ष कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवून धरू नका. इंजिनं गाड्यांतून इतकी इकडून तिकडे गेलेली असतात की गाडीच्या कागदावरचं वर्ष आणि क्रँकचं वर्ष यांची ओळखही नसते. क्रायस्लरच्या प्लेटवर कन्व्हर्टरच्या चार भोकांपैकी एक मुद्दाम सरकवलेलं असतं, त्यामुळे ती एकाच जागी बसते. तीन बोल्ट लागले आणि चौथा नाही, तर हातोडा ठेवा आणि कन्व्हर्टर फिरवा.

जीपच्या ४.० लिटर सिक्समध्ये जुन्या २५८ घनइंची सिक्सचा क्रँक घालून क्षमता वाढवायची हौस बऱ्याच जणांना असते. क्रँक २५८चा, म्हणून प्लेटही २५८ची लावतात. मग सेल्फ फिरतो, फिरतो, आणि ठिणगीच नाही. ४.०च्या प्लेटच्या कडेला खाचा असतात आणि क्रँक सेन्सर त्या वाचून ठिणगी आणि इंधनाची वेळ ठरवतो. कार्बोरेटरवाल्या २५८ला त्याची गरज नव्हती. त्यातही १९८७ ते १९९० ची रेनिक्स यंत्रणा आणि १९९१ नंतरची यांच्या खाचा वेगळ्या. पोरं सेन्सर बदलतात, वायरिंग उसवतात. प्लेट कोणी बघत नाही.

बाकी किरकोळ

मॅन्युअल गाडीचं ऑटोमॅटिक करताना क्रँकमधला पायलट बुश (मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आधार) अडतो का ते आधी बघा.

मॅन्युअलच्या जाड फ्लायव्हीलचे लांब बोल्ट फ्लेक्सप्लेटला लावू नका. प्लेट पातळ, बोल्ट तळाला टेकतो, पाना "टक" करतो आणि प्लेट मात्र सैलच.

कन्व्हर्टरचा बोल्ट लांब असेल तर तो कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतल्या बाजूला फुगा आणतो. जुना बोल्ट शेजारी धरून लांबी जुळवा.

खालून ठकठक

इंजिनातून खालून ठकठक यायला लागली की सगळे एका सुरात "बेअरिंग गेलं" म्हणतात. तडा गेलेली फ्लेक्सप्लेट हुबेहूब तसाच आवाज करते आणि त्या आवाजापायी चांगली इंजिनं उगाच खोलली गेली आहेत. ऑइल चेंबर काढण्याआधी बेलहाउसिंगचं खालचं झाकण काढा, आरसा आणि टॉर्च घ्या, इंजिन हाताने फिरवत प्लेट पूर्ण बघा. कन्व्हर्टरचे बोल्ट सैल नाहीत ना तेही बघा. तडा बहुतेक वेळा क्रँकच्या बोल्टांभोवती गोल फिरतो, त्यामुळे निम्मा बोल्टांच्या डोक्याखाली लपतो. गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्ये आवाज बदलत असेल तर प्लेटवरचा संशय आणखी पक्का करा.

तडा गेलेली प्लेट वेल्ड करू नका. नवी आणा, आणि ती चढवण्याआधी ब्लॉकमधले दोन्ही डॉवेल पिन जागेवर आहेत का ते बोटाने चाचपा. मागच्या कुणीतरी इंजिन बदलताना ते काढले आणि परत घातलेच नाहीत, असं पुष्कळदा निघतं. पिन नसले तर गिअरबॉक्स बोल्टांच्या ढिलाईइतका बाजूला बसतो आणि नवी प्लेटही काही महिन्यांत त्याच जागी तडकते.